अपुऱ्या राजसंकल्पाची वास्तू : ईटन कॉलेजचे चॅपेल

टेम्स नदीच्या दक्षिण काठावर विंडसरचा राजकिल्ला आणि उत्तर काठावर ईटन हे छोटे गाव, अशी इंग्लंडच्या राजसत्तेची आणि तिथल्या सर्वांत प्रसिद्ध शाळेची शेजारवस्ती जवळपास सहा शतके टिकून आहे. ईटन कॉलेज या शाळेच्या आवारात उभे असलेले उंच दगडी चॅपेल, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उपासनेसाठी बांधलेले प्रार्थनामंदिर, नदीपलीकडून पाहणाऱ्याला एखाद्या कॅथीड्रलइतके भव्य वाटते, आणि एका शाळेला एवढ्या उंचीच्या मंदिराची गरज का भासली असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. या प्रश्नाचे उत्तर असे, की हे मंदिर मुळात शाळेसाठी योजलेलेच नव्हते, आणि आज जे उभे आहे ते संपूर्ण मंदिरही नव्हे. एका राजाने स्वतःच्या व आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांना सद्गती मिळावी म्हणून आखलेल्या प्रचंड तीर्थमंदिराचा तो केवळ पूर्वेकडील भाग आहे. पुढील पाचशे वर्षांत सत्तांतर, धर्मसुधारणा, अभिरुचीतील बदल आणि महायुद्ध या सर्वांनी या भागावर आपापले हात फिरवले. त्यामुळे ईटनच्या चॅपेलचा इतिहास वाचताना एका वास्तुशैलीपेक्षा एका वास्तूची मालकी हळूहळू कोणाकडून कोणाकडे गेली, हेच अधिक स्पष्टपणे दिसून येते.

संस्थापकाची योजना

इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याचा जन्म १४२१ साली विंडसरच्या किल्ल्यातच झाला आणि अवघ्या नऊ महिन्यांचा असताना, १४२२ मध्ये, तो गादीवर आला. युद्धकौशल्यासाठी गाजलेल्या पाचव्या हेन्रीचा हा मुलगा स्वभावाने मात्र धर्मनिष्ठ, विद्याप्रेमी आणि राजकारणात दुबळा होता. १४४० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने सनद देऊन ईटन येथे एक ‘कॉलेज’ स्थापन केले. मध्ययुगीन युरोपात कॉलेज याचा अर्थ आजच्यासारखा केवळ विद्यालय असा नव्हता, तर सामायिक मालमत्तेवर एकत्र राहून नेमलेली उपासना पार पाडणारा धर्मगुरूंचा संघ असा होता. ईटनच्या संघात प्रमुख म्हणून प्रोव्होस्ट, त्याच्या हाताखाली फेलो म्हणजे आजीव सदस्य असलेले धर्मगुरू, गायक, गाणारी मुले, वृद्ध व गरीब आश्रित आणि मोफत शिक्षण घेणारे विद्यार्थी या सर्वांचा समावेश होता. विद्यार्थ्यांची संख्या प्रथम २५ ठरली होती, पुढे ती ७० करण्यात आली. याच सुमारास, १४४१ मध्ये, राजाने केंब्रिज येथे किंग्ज कॉलेजची स्थापना केली आणि ईटनमध्ये तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी तिथे जावे अशी जोडणी घालून दिली. बिशप विल्यम ऑफ विकहॅम याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस विंचेस्टरची शाळा व ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज अशा ज्या जोड संस्था उभारल्या होत्या, त्या राजापुढे आदर्श म्हणून होत्या. विंचेस्टरच्या शाळेचा मुख्याध्यापक विल्यम वेनफ्लीट याला त्याने ईटनला आणले, आणि तो लवकरच इथला प्रोव्होस्ट झाला.

या व्यवस्थेत शिक्षणाला महत्त्व होते, परंतु तिचा केंद्रबिंदू उपासना हाच होता. कॅथलिक श्रद्धेनुसार मृत आत्म्याला शुद्धिलोकात काही काळ यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनांनी व मिस्सा या विधीने त्या कमी होतात. त्यामुळे श्रीमंत आणि सत्ताधारी माणसे आपल्यामागे अखंड प्रार्थना चालू राहावी यासाठी जमिनी व उत्पन्ने तोडून देत असत. ईटनची स्थापना हे या प्रथेचेच राजेशाही रूप होते, आणि विद्यार्थी हेही प्रार्थना करणाऱ्या समुदायाचाच भाग होते. संस्था कुमारी मरियेला अर्पण केलेली असल्यामुळे तिच्या स्वर्गारोहणाचा सण, म्हणजे १५ ऑगस्ट, इथला मुख्य उत्सव ठरला. पोप चौथा यूजीनियस याच्याकडून राजाने या दिवशी ईटनला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी पापदंडाच्या माफीचे विशेष अधिकार मिळवले, आणि त्यामुळे हे ठिकाण थोड्याच काळात तीर्थक्षेत्र बनू लागले. मंदिराचा आकार शाळेच्या गरजेवरून न ठरता यात्रेच्या अपेक्षेवरून ठरत गेला, तो या कारणाने.

मोजमापे आणि बदलणारे आराखडे

चॅपेलचे बांधकाम १४४१ मध्ये सुरू झाले. दगड, चुना, लाकूड आणि विटा यांची अवाढव्य आवक नदीमार्गाने आणि खुष्कीने होत राहिली. मंदिरासाठी दगड पसंत करण्यात आला असला, तरी कॉलेजच्या इतर इमारतींसाठी भाजलेल्या विटा मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आल्या, आणि जवळच्या स्लाव येथील भट्टीतून १४४२ ते १४५१ या काळात सुमारे २५ लाख विटा आल्या. इंग्लंडच्या या भागात विटांचे एवढे मोठे बांधकाम तोवर क्वचितच झाले असावे. मंदिराचा दगड मात्र दूरदूरहून आणावा लागला. फ्रान्समधील काँ येथील फिकट पिवळसर दगड, केंटमधील कठीण दगड आणि यॉर्कशायरमधील हडलस्टनच्या खाणीतील पांढरा चुनखडक असे वेगवेगळे दगड इथल्या भिंतींत आढळतात.

१४४८ च्या सुमारास राजाने ‘इच्छापत्र’ या नावाने ओळखला जाणारा एक सविस्तर दस्तऐवज तयार करवला. त्याला मृत्युपत्राचे स्वरूप नसून, आपल्या दोन्ही कॉलेजांच्या इमारती कशा असाव्यात याची ती मापांसह दिलेली आज्ञा होती. ख्रिस्ती मंदिराचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पूर्वेकडे वेदी आणि तिच्यासमोर धर्मगुरू व गायकांची आसने असलेला भाग, ज्याला क्वायर म्हणतात, आणि पश्चिमेकडे सर्वसामान्य भाविकांसाठी असलेला लांब सभामंडप, ज्याला नेव्ह म्हणतात. हिंदू मंदिरातील गाभारा आणि सभामंडप यांच्यातील मर्यादा जशी उपासकांच्या अधिकारानुसार ठरते, तशीच इथेही क्वायर आणि नेव्ह यांच्यामधील पडदी कोणी कुठवर यावे हे ठरवत असे. इच्छापत्राच्या पहिल्या मसुद्यात ईटनचे क्वायर १०३ फूट लांब आणि ३२ फूट रुंद योजले होते. हे माप कुठल्याही शाळेच्या चॅपेलसाठी पुरेसे होते, परंतु राजाचे समाधान झाले नाही.

बांधकामाचा प्रमुख म्हणून नेमलेला रॉजर कीज हा धर्मगुरू सॉल्झबरी आणि विंचेस्टर येथील कॅथीड्रलांचे क्वायर व नेव्ह मोजून आणण्यासाठी पाठवण्यात आला, आणि त्याच्या मोजमापांनंतर नवा आराखडा निघाला. त्यानुसार क्वायरची लांबी १५० फूट, रुंदी ४० फूट आणि उंची ८० फूट ठरली. त्याच्या पश्चिमेला दोन्ही बाजूंना पडव्या असलेला १६८ फूट लांबीचा नेव्ह जोडायचा होता, म्हणजे संपूर्ण मंदिराची लांबी ३१८ फूट झाली असती. पूरप्रवण काठावर ही वास्तू कोरडी राहावी म्हणून मंदिराची फरसबंदी आजूबाजूच्या जमिनीपासून सुमारे १३ फूट उंच ठेवण्याचा निर्णयही याच टप्प्यात झाला. या नव्या योजनेची किंमत अशी, की आधीच्या सात वर्षांत उभे राहिलेले आणि जवळपास पूर्ण होत आलेले काम पाडून नव्याने पाया घालावा लागला. राजकोष फ्रान्समधील युद्धाने रिकामा होत असताना आणि इंग्रजांच्या ताब्यातला नॉर्मंडी प्रांत हातातून जात असताना राजाने हा निर्णय घेतला, यावरून त्याच्या मनातील प्राधान्यक्रम स्पष्ट होतो.

नव्या क्वायरची रचना ‘पर्पेंडिक्युलर’ या शैलीत झाली. गॉथिक वास्तुकलेचा हा इंग्लंडमध्येच वाढलेला शेवटचा टप्पा असून, उभ्या रेषांवर दिलेला भर हे त्याचे मुख्य लक्षण आहे. टोकदार कमानी इथे काहीशा सपाट होतात, खिडक्या भिंतीचा बहुतेक भाग व्यापतात आणि त्यांच्यातील दगडी दांड्या तळापासून थेट शेंड्यापर्यंत सरळ चढत जातात. भिंतीतील इतका दगड काढून काचेला जागा दिल्यावर छताचे वजन पेलणार कोण, हा प्रश्न बट्रेसच्या योजनेने सोडवलेला असतो. बट्रेस म्हणजे दोन खिडक्यांच्या मधोमध भिंतीला बाहेरून लावलेला जाड दगडी धिरा. दगडी कमानछत भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलत असते आणि धिरा तो दाब अडवून जमिनीत उतरवतो. ईटनच्या क्वायरचे धिरे पुरेसे जाड आहेत आणि आतील बाजूच्या सडपातळ स्तंभिका कमानी उगवाव्यात अशाच उंचीवर येऊन थांबतात, म्हणजे दगडी छताचा बेत सुरुवातीपासून होता हे उघड आहे. परंतु ते छत पुढची पाचशे वर्षे बांधले गेले नाही.

सत्तांतर आणि वेनफ्लीटची तडजोड

१४५३ मध्ये राजाला मनोविकाराने ग्रासले, आणि त्यानंतरच्या दशकात लँकॅस्टर व यॉर्क या दोन राजघराण्यांतील संघर्षाने उघड युद्धाचे रूप घेतले. हे युद्ध गुलाबांची युद्धे या नावाने प्रसिद्ध आहे. मार्च १४६१ मध्ये यॉर्क घराण्याचा चौथा एडवर्ड राजा झाला, त्याच महिन्यातील टाउटनच्या लढाईने त्याची सत्ता पक्की केली, आणि पदच्युत हेन्रीने दिलेल्या देणग्या साहजिकच संकटात आल्या. ईटनच्या जमिनींचा मोठा हिस्सा काढून घेण्यात आला. १४६३ मध्ये एडवर्डने पोप दुसरा पायस याच्याकडून आज्ञापत्र मिळवले, आणि त्यान्वये ईटनचे कॉलेज रद्द करून त्याची मालमत्ता विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये विलीन करण्याची परवानगी मिळाली. ईटनच्या घंटा, दागिने आणि उपासनेचे सामान नदीपलीकडे नेण्यात आले, आणि अर्धवट भिंतींच्या आवारात मोजकेच लोक उरले.

या निर्णयाची धार १४६७ पासून हळूहळू कमी होत गेली आणि काही उत्पन्ने परत मिळाली. एडवर्डची प्रेयसी जेन शोअर हिने रदबदली करून कॉलेज वाचवले अशी दंतकथा ईटनमध्ये दीर्घकाळ सांगितली जात होती, मात्र राजाशी तिचा संबंध आला तो काही वर्षांनंतर, त्यामुळे पहिल्या सवलतींचे श्रेय तिला देता येत नाही. प्रत्यक्षात संस्थेला आधार मिळाला तो विल्यम वेनफ्लीटचा. ईटनचा माजी प्रोव्होस्ट असलेला हा धर्मगुरू १४४७ पासून विंचेस्टरचा बिशप होता, म्हणजे इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत धर्मप्रांतांपैकी एकाचे उत्पन्न त्याच्या हाती होते. हेन्रीच्या अखेरच्या काळात तो राज्याचा चान्सलर होता आणि ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा संस्थापकही होता. दोन परस्परविरोधी राजवटींमध्ये टिकून राहण्याची चतुराई त्याच्यापाशी होती, आणि त्याने ईटनचे काम स्वतःच्या खर्चाने पुढे नेले.

वेनफ्लीटने व्यवहार ओळखला. ज्या राजाची ही योजना होती तो २१ मे १४७१ च्या सुमारास लंडनच्या टॉवरमध्ये मारला गेला होता, पापदंडमाफीसाठी येणाऱ्या गर्दीची आशा संपली होती आणि १६८ फुटी नेव्ह बांधण्याइतके द्रव्य कुठेच नव्हते. क्वायरवर दगडी कमानछताऐवजी लाकडी छत चढवून ते उपयोगात आणले गेले, आणि नेव्हच्या जागी १४७९ ते १४८२ या काळात एक आखूड आडवा भाग बांधण्यात आला. त्याला अँटेचॅपेल, म्हणजे चॅपेलपूर्वीची ओवरी, असे म्हणता येईल. हा भाग ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथील दगडाचा असून क्वायरपेक्षा ठेंगणा आहे, आणि बाहेरून पाहताना दोन्ही भागांच्या उंचीतील तफावत मूळ संकल्प कुठे तुटला ते दाखवते. हेन्रीच्या योजनेप्रमाणे नेव्ह पूर्ण झाला असता तर त्याचे पश्चिम टोक आजचा रस्ता ओलांडून कीट्स लेनपर्यंत पोहोचले असते.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलशी तुलना केली असता या तडजोडीचा अर्थ अधिक उलगडतो. तिथलेही मंदिर ४० फूट रुंद आणि ८० फूट उंच आहे आणि तेही हेन्रीच्या पदच्युतीमुळे अडले होते, पण पुढे ट्यूडर राजांनी त्यात पैसा ओतला, आणि १५१२ ते १५१५ या काळात जॉन वेस्टेल या गवंड्याच्या देखरेखीखाली त्याचे प्रसिद्ध पंखाकृती छत पूर्ण झाले. ईटनला असा दुसरा राजाश्रय मिळाला नाही, आणि म्हणून जुळ्या भावंडांपैकी एक पूर्णत्वाचा नमुना ठरले, तर दुसरे अपुरेच राहिले.

भिंतीवरील कथा आणि त्यांवरचा चुना

वेनफ्लीटच्या काळाने वास्तूला एक देणगी मात्र अशी दिली, की तिला इंग्लंडमध्ये तोड सापडणे कठीण आहे. १४७७ ते १४८७ या दहा वर्षांत क्वायरच्या उत्तर व दक्षिण भिंतींवर, आसनांच्या वर, दोन ओळींमध्ये भित्तिचित्रे रंगवण्यात आली. कॉलेजच्या हिशोबांत विल्यम बेकर या चित्रकाराचे नाव येते. चित्रांची पद्धत भारतीय वाचकाला परिचित असलेल्या ओल्या गिलाव्यावरील चित्रणाची नसून, तैलरंगाची आहे. करड्या छटांमध्ये आकृती घडवून केवळ मोजक्या ठिकाणी रंगाचा स्पर्श देण्याची ही रीत त्या काळी फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात, विकसित झाली होती, आणि ईटनच्या चित्रकारांवर तिचा प्रभाव निःसंशय आहे. दोन प्रसंगांच्या मध्ये कोनाड्यात उभ्या असलेल्या दगडी मूर्तींचा भास व्हावा अशा संतांच्या आकृती रंगवलेल्या आहेत.

उत्तर भिंतीवर कुमारी मरियेच्या निरनिराळ्या चमत्कारांचे प्रसंग आहेत, तर दक्षिण भिंतीवर मुख्यतः एकच सलग कथा चालते. रोमचा सम्राट यात्रेला गेला असताना त्याचा भाऊ सम्राज्ञीवर कुदृष्टी ठेवतो, तिने झिडकारल्यावर तिच्यावरच आळ घेतो, आणि वनवास व नव्या आरोपांना तोंड देणाऱ्या त्या स्त्रीला मरिया एक औषधी वनस्पती देते. शेवटी रोगाने जर्जर झालेल्या आपल्याच छळकर्त्यांना सम्राज्ञी त्या वनस्पतीने बरे करते, मात्र त्याआधी त्यांना आपले पाप कबूल करावे लागते. कथेची ही निवड मंदिराच्या हेतूशी सुसंगत होती, कारण मरियेच्या मध्यस्थीवरील विश्वास हाच ईटनच्या स्थापनेचा पाया होता.

याच विश्वासाचे दुसरे स्मारक संगीतात उरले आहे. नियमांनुसार रोज संध्याकाळी मरियेच्या मूर्तीसमोर तिची स्तुतिगीते गायली जात, आणि १५०० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यासाठी एक भव्य हस्तलिखित तयार झाले, जे आता ईटन क्वायरबुक या नावाने ओळखले जाते. एकाच मोठ्या पोथीभोवती उभे राहून सर्व गायकांनी आपापला स्वर वाचावा अशी तिची मांडणी आहे. मूळच्या ९३ रचनांपैकी ६४ पूर्ण किंवा अंशतः शिल्लक आहेत, आणि धर्मसुधारणेपूर्वीच्या इंग्लिश बहुस्वरी गायनाची, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी गुंफणाऱ्या गायनपद्धतीची, जी मोजकी साधने उरली त्यांत हे हस्तलिखित अग्रगण्य आहे. १५०४ ते १५३५ या काळातील प्रोव्होस्ट रॉजर लप्टन याने उत्तरेकडील दोन धिऱ्यांच्या मधल्या जागेत स्वतःच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून छोटे खासगी चॅपेल बांधून घेतले. त्याचे छोटेखानी पंखाकृती छत हे मोठ्या मंदिराला न मिळालेल्या छताचे लहानसे रूप मानता येईल.

लप्टनच्या मृत्यूपूर्वीच आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला होता, आणि त्याच्या वारसाच्या काळात, १५४७ मध्ये, मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या संस्था बंद करण्याचा कायदा झाला. ईटनचा मूळ हेतूच त्यामुळे बेकायदा ठरला, परंतु विंचेस्टर व विद्यापीठांतील कॉलेजांप्रमाणे ईटनलाही या कायद्यातून वगळण्यात आले, कारण तिथे शिक्षण दिले जात होते. संस्थेच्या इतिहासातील हे वळण निर्णायक आहे. हेन्रीच्या योजनेत प्रार्थनेचे अंग म्हणून आलेली शाळा आता संस्थेच्या अस्तित्वाचे एकमेव समर्थन बनली, आणि ज्या मंदिराच्या सेवेसाठी ती स्थापन झाली होती ते मंदिर शाळेचे उपांग होऊ लागले. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, १५६० मध्ये, मरियेच्या चमत्कारांची चित्रे प्रॉटेस्टंट मंदिरात चालणार नाहीत म्हणून त्यांवर चुना फासण्यात आला. हे काम कॉलेजच्या न्हाव्याकडून करवून घेतल्याची नोंद हिशोबांत आहे. पुढे भिंतींसमोर लाकडी तावदाने आणि आसने उभी राहिली, आणि चित्रांची आठवणही पुसली गेली.

शाळेचे मंदिर

सतराव्या आणि अठराव्या शतकांत चॅपेल हे ईटनच्या प्रतिष्ठितांचे स्मृतिस्थानही बनले. व्हेनिस येथील इंग्लंडचा माजी राजदूत सर हेन्री वॉटन १६२४ मध्ये प्रोव्होस्ट झाला, आणि त्याच वर्षी त्याचा वास्तुकलेच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीन रोमन लेखक व्हिट्रूव्हियस याच्या आधारे उत्तम इमारतीत सोय, मजबुती आणि आनंद ही तीन लक्षणे असावीत असे त्याने त्यात प्रतिपादन केले, आणि पुढील इंग्लिश वास्तुविचारावर त्याचा मोठा प्रभाव पडला. तो ईटनच्या चॅपेलमध्येच पुरलेला आहे. १७०० च्या सुमारास आतील लाकूडकाम अभिजात रोमन धाटणीचे करण्यात आले, आणि १७१९ मध्ये चॅपेलबाहेरच्या अंगणात फ्रान्सिस बर्ड या शिल्पकाराने केलेला सहाव्या हेन्रीचा ब्राँझ पुतळा उभा राहिला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या स्मारकांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. १७९८ ते १८०५ या काळात भारतात गव्हर्नर जनरल असलेला रिचर्ड वेलस्ली हा ईटनचा विद्यार्थी होता आणि १८४२ मध्ये मृत्यूनंतर त्याला याच चॅपेलमध्ये पुरण्यात आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाशी झालेला वसईचा तह त्याच्याच कारकिर्दीतला. त्या तहाने पेशवाई कंपनीच्या संरक्षणाखाली गेली आणि दुसरे इंग्रज–मराठा युद्ध ओढवले. सप्टेंबर १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या सैन्यावर विजय मिळवणारा आर्थर वेलस्ली हा त्याचा धाकटा भाऊही ईटनमध्ये शिकला होता. राजाच्या आत्म्यासाठी बांधलेल्या मंदिरात साम्राज्याच्या शासकांना विसावा मिळणे हा संस्थेच्या बदललेल्या स्वरूपाचा स्वाभाविक परिणाम होता. पन्नास-साठ वर्षांनी, १८९७ मध्ये, जी. एफ. वॉट्स या चित्रकाराने ‘सर गॅलहॅड’ हे शूर सरदाराचे चित्र चॅपेलला दिले. तरुणांपुढे ठेवायचा आदर्श आता मध्यस्थी करणाऱ्या मरियेऐवजी निष्कलंक योद्ध्याच्या रूपात आला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गॉथिक शैलीविषयी नवे आकर्षण निर्माण झाले, तेव्हा रोमन धाटणीचे लाकूडकाम काढून त्याच्या जागी गॉथिक धाटणीची नक्षीदार छत्रे असलेली आसने बसवायचे ठरले. १८४७ मध्ये जुने लाकूड काढताना चुन्याखालची चित्रे अचानक उघडी पडली, परंतु त्यांचे महत्त्व ओळखण्यापूर्वीच कामगारांनी वरच्या ओळीचा बहुतेक भाग खरवडून टाकला होता. उरलेल्या चित्रांच्या रेखाटन-नकला करून घेण्यात आल्या, पण तत्कालीन प्रोव्होस्ट फ्रान्सिस हॉजसन यांना असे कॅथलिक चमत्कार विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर नको होते, त्यामुळे नव्या आसनांच्या मागे ती पुन्हा झाकली गेली. ज्या गॉथिक पुनरुज्जीवनाचा हेतू मध्ययुग परत आणण्याचा होता, त्याने खरे मध्ययुग सापडताच नव्या लाकडामागे दडवले. शाळेतील मुलांची संख्या हजाराच्या घरात गेल्यावर चॅपेल सर्वांना पुरेना, तेव्हा आर्थर ब्लॉमफील्ड यांच्या आराखड्यानुसार १८८९ ते १८९१ या काळात धाकट्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे लोअर चॅपेल बांधण्यात आले. यात्रेकरूंसाठी आखलेला नेव्ह उभा राहिला असता तर त्याची गरज कदाचित पडली नसती.

चित्रांची सुटका झाली ती १९२३ मध्ये. मध्ययुगीन हस्तलिखितांचे नामांकित अभ्यासक आणि भूतकथांचे लेखक म्हणून प्रसिद्ध असलेले एम. आर. जेम्स तेव्हा प्रोव्होस्ट होते. त्यांच्या पुढाकाराने आसनांवरची छत्रे काढण्यात आली आणि भित्तिचित्रे ई. डब्ल्यू. ट्रिस्ट्रम यांच्याकडून स्वच्छ करून घेण्यात आली. कोणत्या प्रसंगाला कोणत्या मध्ययुगीन कथासंग्रहाचा आधार आहे याचा उलगडाही जेम्स यांनीच केला. आक्षेपाचा मुद्दा असलेली चित्रे आता अभ्यासाचा आणि अभिमानाचा विषय बनली.

युद्धानंतरची पूर्तता

डिसेंबर १९४० मध्ये ईटनवर जर्मन बाँब पडले आणि त्यांच्या स्फोटाने चॅपेलमधील बहुतेक रंगीत काचा फुटल्या. त्या एकोणिसाव्या शतकातील होत्या आणि अभिरुचीच्या दृष्टीने त्यांचा फारसा शोक झाला नाही, परंतु त्यामुळे युद्धानंतर प्रत्येक खिडकीबद्दल नव्याने निर्णय घेण्याची वेळ आली. पूर्वेच्या मुख्य खिडकीचे काम आयरिश कलावती एव्ही होन यांच्याकडे सोपवले गेले. पॅरिसमध्ये घनवादी चित्रकारांच्या हाताखाली शिकलेल्या होन या कॅथलिक होत्या. १९४९ ते १९५२ या काळात त्यांनी वरच्या भागात येशूचे क्रूसारोहण आणि खालच्या भागात अंतिम भोजन अशी मांडणी असलेली खिडकी पूर्ण केली. तिच्यातील जाड काळ्या रेषा आणि भडक लाल-निळे-हिरवे रंग मध्ययुगीन काचचित्रांचीही आठवण देतात आणि आधुनिक चित्रकलेचीही. ज्या संस्थेने चारशे वर्षांपूर्वी कॅथलिक प्रतिमांवर चुना फासला, तिनेच आपल्या मंदिरातील सर्वांत ठळक जागा एका कॅथलिक स्त्रीच्या हाती दिली. पुढे बाजूच्या खिडक्यांसाठी जॉन पायपर यांनी आराखडे केले आणि पॅट्रिक रेंटियन्स यांनी ते काचेत उतरवले. १९५९ ते १९६४ या वर्षांतील या आठ खिडक्यांपैकी चार उत्तरेला असून त्यांत येशूचे चमत्कार आहेत, तर दक्षिणेकडील चार खिडक्यांत त्याने सांगितलेल्या दृष्टान्तकथा आहेत.

याच काळात वेनफ्लीटच्या लाकडी छतात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा उपद्रव इतका वाढला, की ते काढून टाकणे भाग पडले. तेव्हा सर विल्यम हॉलफर्ड यांच्या योजनेनुसार १९५७ ते १९५९ या काळात पंखाकृती कमानछत उभारण्यात आले. पंखाकृती छत म्हणजे प्रत्येक स्तंभिकेपासून दगडी बरगड्या अर्धवर्तुळात पसरत जातात आणि उघडलेल्या पंख्यांची रांग छतावर मांडल्यासारखी दिसते अशी रचना. इंग्लिश गॉथिकच्या अखेरच्या काळात ती परिपक्व झाली होती. हॉलफर्ड यांनी मात्र मध्ययुगीन गवंड्यांची पद्धत वापरली नाही. ईटनचे छत काँक्रीटचे असून त्याला दगडाचे आवरण आहे आणि त्याचा भार वरच्या पोलादी आधाररचनेवर टांगलेला आहे, त्यामुळे जुन्या भिंतींवर नवा दाब येत नाही. पाचशे वर्षांपूर्वी ज्या दाबासाठी धिरे जाड ठेवले होते, तो दाब शेवटी आलाच नाही.

हे छत अस्सल मानावे की नाही, असा प्रश्न वास्तुरक्षणाच्या काटेकोर भूमिकेतून विचारता येतो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर हेन्रीच्या मनात नेमके कसे छत होते याचा पुरावा स्तंभिकांच्या माथ्यांपुरता आहे, आणि पंखाकृती नक्षी हा केंब्रिजच्या जुळ्या मंदिरावरून घेतलेला अंदाज आहे. परंतु ईटनच्या चॅपेलमध्ये अस्सलतेची अशी एकच कसोटी लावायची ठरवली, तर तिच्यावर उतरणारे फारच थोडे उरेल. पहिले काम खुद्द संस्थापकानेच पाडले, अँटेचॅपेल ही बिशपची काटकसर होती, चित्रे एका धर्ममताने झाकली व एका विद्वानाने उघडली, आणि खिडक्या विसाव्या शतकाच्या आहेत. मंदिराची नवनवी रूपे त्या त्या काळी संस्था कशासाठी अस्तित्वात आहे या समजुतीनुसार ठरत गेली. राजासाठी प्रार्थना करणे बेकायदा झाल्यावर शाळेने ही वास्तू वाचवली, आणि शाळा मोठी झाल्यावर तिने राजाचा संकल्प आपल्या साधनांनी आणि आपल्या सोयीने पूर्ण केला.

सहाव्या हेन्रीचे अवशेष तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये हलवले, म्हणजे ज्या संस्थेत ईटन विलीन होणार होते तिथेच त्याच्या संस्थापकाची कबर आहे. त्याच्या स्मृतिदिनी, २१ मे रोजी, लंडनच्या टॉवरमध्ये ईटनतर्फे लिली आणि किंग्ज कॉलेजतर्फे गुलाब वाहिले जातात. प्रार्थनेच्या ज्या अखंड परंपरेसाठी राजाने मंदिर आखले होते ती खंडित झाली, तरी विद्येसाठी घातलेल्या जोडणीमुळे त्याचे स्मरण टिकले. शाळेच्या चॅपेलांचा अभ्यास करताना वास्तुशैलीइतकेच त्यांच्या आश्रयदात्यांच्या आणि वापरकर्त्यांच्या बदलत्या हेतूंकडे लक्ष द्यावे लागते, हे ईटनच्या उदाहरणावरून जितके ठळकपणे सिद्ध होते तितके एखाद्या निर्दोष, एकसंध आणि एकाच पिढीत पूर्ण झालेल्या इमारतीवरून होऊ शकले नसते.